रंगांचा मनावर होणारा परिणाम कसा अभ्यासावा: सांगलीच्या चित्रकारासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रंग मनावर कसे काम करतात हे शिकू पाहणाऱ्या चित्रकाराच्या हाती सर्वांत आधी एक तक्ता पडतो: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे आनंद, काळा म्हणजे दुःख. हा तक्ता पाठ करायला सोपा असला तरी त्याच्या आधारावर चित्र रंगवता येत नाही आणि घराची भिंतही नाही. संक्रांतीच्या आधी सांगलीच्या दुकानांत काळ्या साड्या दर्शनी भागात मांडलेल्या असतात आणि बायका त्या हौसेने घेतात. तोच काळा रंग लग्नाच्या बस्त्यात कोणी काढून दाखवला, तर वडीलधारी मंडळी तो बाजूला ठेवायला सांगतात. रंग तोच असतो, माणसेही तीच असतात. प्रसंग बदलतो आणि परिणाम उलटा होतो.

म्हणून या लेखातील सगळी रीत एका विधानावर उभी आहे. रंगाचा परिणाम एकट्या रंगात नसतो. शेजारी कोणता रंग आहे, उजेड कसला आहे, रंगाने किती जागा व्यापली आहे आणि पाहणाऱ्याच्या आयुष्यात तो रंग कोणत्या वस्तूला चिकटलेला आहे, या चार गोष्टी मिळून तो ठरवतात. पहिल्या तीन गोष्टी घरबसल्या स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येतात. चौथी मात्र माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ती गावागणिक बदलते. हळद आणि बेदाण्याच्या व्यापारावर उभ्या असलेल्या सांगलीत रंगावर पैसे ठरतात, त्यामुळे इथली माणसे रंगाकडे बारकाईने पाहायला आधीच सरावलेली आहेत. अभ्यासकाला याहून चांगली जागा शोधायची गरज नाही.

पहिली पायरी: चकत्या आणि नोंदवही

साहित्य थोडे लागते: पांढरा, काळा आणि मध्यम राखाडी असे जाड कार्डपेपर, पोस्टर रंगांच्या बाटल्या, कात्री आणि एक जाड वही. राखाडी कार्डाच्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढी चौकोनी खिडकी कापावी. या खिडकीतून पाहिले की आजूबाजूचे रंग झाकले जातात आणि भिंतीचा, आंब्याचा किंवा नदीच्या पाण्याचा एकटा रंग दिसतो. खिडकीतून आधी आणि खिडकी बाजूला करून नंतर, असे दोनदा पाहण्याची सवय पुढच्या प्रत्येक पायरीत उपयोगी पडते.

त्यानंतर रंगाच्या चकत्या तयार कराव्यात. अमेरिकेतील चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाचे वर्णन तीन मापांनी करण्याची पद्धत मांडली: तो कोणता रंग आहे, तो किती उजळ किंवा गडद आहे आणि तो किती तीव्र किंवा मळकट आहे. रंगमानसशास्त्रातील बराचसा गोंधळ ही तीन मापे एकत्र कालवल्यामुळे झालेला आहे. ‘निळा शांत वाटतो’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा फिकट, मंद निळा असतो. तीव्र, भडक निळ्याबद्दल तोच माणूस वेगळे बोलतो. यासाठी लाल, केशरी, पिवळा, पोपटी, हिरवा, आकाशी, निळा आणि जांभळा या आठ रंगांच्या प्रत्येकी तीन चकत्या कराव्यात: एक तीव्र, एक पांढरा मिसळून फिकट केलेली आणि एक विरोधी रंग (उदाहरणार्थ लालात हिरवा) मिसळून मळकट केलेली. त्यांत पांढरी, राखाडी, काळी आणि तपकिरी चकती मिळवली की २८ चकत्यांचा संच होतो. प्रत्येक चकती साधारण ५ सेंटिमीटरची असावी, तिच्या मागे क्रमांक लिहावा आणि रंगाचे नाव लिहू नये. नाव दिसले की माणूस रंगाला उत्तर देण्याऐवजी नावाला उत्तर देतो.

नोंदवहीचे पान उभ्या रेघेने दोन भागांत विभागावे. डावीकडे जे दिसले ते लिहावे: वेळ, जागा, उजेड, वस्तू, शेजारचे रंग, अंदाजे व्याप्ती. उजवीकडे जे वाटले ते लिहावे. ‘भिंत उदास होती’ हे वाक्य डाव्या बाजूला चालणार नाही; तिथे ‘फिकट करडा, खाली शेवाळी डाग, ढगाळ सकाळ’ असेच यायला हवे. काही आठवड्यांनी पाने उलटली की कोणत्या दिसण्याशी कोणते वाटणे पुन्हा पुन्हा येते ते आपोआप समोर येते, पण त्यासाठी दोन्ही बाजू वेगळ्या राहिलेल्या असल्या पाहिजेत.

दुसरी पायरी: स्वतःच्या डोळ्यांची ओळख

तीव्र लाल चकती पांढऱ्या कागदावर ठेवून तिच्या मध्यावर अर्धा मिनिट नजर स्थिर ठेवावी आणि मग चकती काढून घेऊन त्याच पांढऱ्या जागेकडे पाहावे. तिथे निळसर हिरवा डाग तरंगताना दिसतो. डोळ्यांतील शंकू पेशींपैकी लाल उजेडाला जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी तेवढ्या वेळात मंदावतात, आणि पुढे मेंदूकडे जाणारी माहिती लाल विरुद्ध हिरवा, पिवळा विरुद्ध निळा अशा जोड्यांत मांडली जात असल्यामुळे पारडे उलट बाजूला झुकते. या जोड्यांची कल्पना जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली होती.

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात या प्रयोगाचा रोजचा उपयोग पाहायला मिळतो. शस्त्रक्रियेच्या खोलीतील कपडे हिरवे किंवा निळसर हिरवे असतात. बराच वेळ रक्ताच्या लाल रंगाकडे पाहिलेल्या डॉक्टरांनी नजर पांढऱ्या कापडाकडे वळवली, तर तिथे हिरवट डाग तरंगतात आणि डोळे दिपतात. कापडच हिरवे असले की तो डाग त्यात विरून जातो. सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रवैद्य हॅरी शर्मन यांनी १९१४ च्या सुमारास याच कारणासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीत हिरवा रंग आणला. दवाखान्यातला हिरवा रंग रुग्णाला धीर देण्यासाठी असतो, हा आज सर्रास ऐकू येणारा खुलासा नंतर चिकटलेला आहे. एखाद्या रंगाची निवड डोळ्यांच्या सोयीसाठी झाली की मनाच्या, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक ठिकाणी विचारावा.

दुसरा प्रयोग संध्याकाळी करायचा आहे. जास्वंदीचे झाड जवळ असेल तर उत्तम. दुपारी लाल फूल हिरव्या पानांपेक्षा उजळ दिसते. सूर्य मावळल्यानंतर, दिवे न लावता, अर्धा तास तिथेच थांबून दर पाच मिनिटांनी नोंद करावी. हळूहळू फूल काळपट होत जाते आणि पाने त्याच्यापेक्षा उजळ दिसू लागतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ साली या बदलाची नोंद प्रसिद्ध केली. भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकू पेशी साधारण ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या उजेडाला सर्वाधिक संवेदनशील असतात, तर अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंड पेशींचा कमाल प्रतिसाद ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याकडे असतो आणि लालाला त्या जवळजवळ दाद देत नाहीत. कृष्णेच्या घाटावर बसून आयर्विन पुलाचे संध्याकाळचे चित्र काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो नदीकाठच्या लाल लुगड्याला दुपारची तीव्रता देऊन बसतो आणि चित्रातली संध्याकाळ खोटी वाटते. संध्याकाळी मनाला जी हुरहुर लागते, तिच्यात लाल रंग विझत जाण्याचा वाटा किती, हे चित्रकाराने स्वतःच्या नोंदींतून ताडून पाहावे असे मला वाटते.

तिसरी पायरी: शेजार

पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली होती. त्यांनी तपासले तेव्हा धाग्याच्या रंगाईत दोष नव्हता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो तसा दिसत होता. त्यातून त्यांनी शेजारी रंग एकमेकांना विरोधी दिशेला ढकलतात हा नियम १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

घरी हे पाहायला पिवळसर हिरव्या मळकट रंगाच्या दोन अगदी सारख्या चकत्या घ्याव्यात. एक तीव्र पिवळ्या कागदावर ठेवावी आणि दुसरी गडद निळ्यावर. पहिली हिरवट आणि मलूल दिसेल, दुसरी उजळ आणि पिवळसर. आता घरातल्या कोणालाही बोलावून ‘यांतली ताजी कोणती वाटते?’ एवढेच विचारावे. उत्तर ऐकल्यावर राखाडी खिडकीतून दोन्ही दाखवाव्यात. भावना बदलली ती रंगामुळे नव्हे, शेजारामुळे, हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिले की कायमचे लक्षात राहते.

याच्या उलट परिणामही आहे. शेजारचा रंग बारीक रेघांच्या किंवा जाळीच्या रूपात आला, तर तो दूर ढकलण्याऐवजी आपल्याकडे ओढतो. विल्हेल्म फॉन बेझोल्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७४ साली हे नोंदवले. फळवाल्याकडची संत्री नारिंगी जाळीच्या पिशवीत असतात तेव्हा अधिक पिकलेली दिसतात, हे त्याचेच उदाहरण. मंडईत लाल ताडपत्रीखाली मांडलेले टोमॅटो आणि निळ्या ताडपत्रीखालची कोथिंबीर पाहताना मात्र शेजार आणि उजेड दोन्ही एकदम काम करत असतात, म्हणून तिथली नोंद करताना एक टोमॅटो हातात घेऊन उघड्यावर येऊन पाहावा.

चौथी पायरी: उजेड

साडीच्या दुकानात जाणत्या बायका साडी घेऊन दाराशी उजेडात येतात. दिव्याखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, कारण दोन कापडे वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेली असली तरी एका विशिष्ट उजेडात डोळ्याला सारखाच संदेश देऊ शकतात. साडी आणि ब्लाउजपीस जुळवताना होणारी फसगत बहुधा याच जातीची असते.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर असतो, ६५०० चा निळसर पांढरा. एकच चित्र दोन्ही दिव्यांखाली पाहावे आणि पाहताना किमान दहा मिनिटे त्या उजेडात डोळे रुळू द्यावेत, कारण डोळा उजेडाच्या रंगाशी जुळवून घेतो आणि घाईने केलेली नोंद चुकीची ठरते. सतत पिवळ्या दिव्याखाली काम करणारा चित्रकार नकळत निळा जास्त वापरतो. दिवसा पाहिल्यावर चित्र थंड वाटते.

पाचवी पायरी: हळदीच्या आणि बेदाण्याच्या बाजारात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तिथे एक सकाळ उभे राहावे, मात्र आधी एखाद्या अडत्याला विचारून. खरेदीदार पोत्यातून हळकुंड उचलतो, ते मोडतो आणि आतला गाभा पाहतो. बाहेरून घासून पॉलिश केलेले हळकुंड फिकट पिवळे दिसते. गाभा केशराकडे झुकणारा, दाट असावा लागतो. त्याच्या दृष्टीने पिवळा हा आनंदाचा रंग आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. गडद केशरी पिवळा म्हणजे चांगला माल आणि निस्तेज पिवळा म्हणजे कमी भाव. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बोटांना आणि डोळ्यांना ही पारख आहे.

बेदाण्याचा रंग तर माणसांनी पद्धतशीरपणे घडवलेला आहे. तासगाव भागात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर सावलीत सुकवतात. ऊन थेट लागले तर मणी तांबूस-काळपट पडतात. पिवळा माल हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. सौद्यात एकसारख्या हिरव्या-पिवळ्या बेदाण्याला चढा भाव मिळतो आणि डागाळलेला माल मागे पडतो, जरी गोडीत दोघे जवळजवळ सारखे असले तरी. रंगाचा रोजच्या आयुष्यावरचा परिणाम म्हणजे काय, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे: एका छटेच्या फरकाने शेतकऱ्याचे वर्षाचे गणित बदलते.

या पायरीत नोंदवहीतील उजवी बाजू स्वतःसाठी न वापरता समोरच्या माणसाच्या कृतीसाठी वापरावी. त्याने काय उचलले, काय परत ठेवले, कुठे थांबला. माणूस रंगाबद्दल काय बोलतो यापेक्षा तो रंग पाहून काय करतो, हे जास्त विश्वासाचे असते.

हळदीबरोबर आणखी एक प्रयोग अवश्य करावा. पांढऱ्या कागदावर हळदीची पातळ पेस्ट पसरून वाळवावी आणि एका कोपऱ्यात पानाच्या चुन्याचा ओला थेंब टेकवावा. क्षणात तिथे तांबूस लाल डाग उमटतो, कारण हळदीतील कर्क्युमिन क्षाराच्या संपर्कात रंग बदलते. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून पारंपरिक कुंकू बनते ते याच गुणावर. हा कागद सुकल्यावर अर्धा झाकून आठवडाभर उन्हात ठेवला तर उघडा पिवळा भाग उडून गेलेला दिसतो. हळदीचा डाग उन्हात जातो हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. चित्रकाराने मात्र या रंगाने टिकाऊ चित्र काढण्याचा मोह टाळावा.

हा कागद जपून ठेवावा. त्यावरील पिवळ्या आणि लाल रंगाची जोडी पुढच्या पायरीत लागणार आहे.

सहावी पायरी: माणसांना विचारणे

सगळ्या अभ्यासाचा गाभा इथे आहे आणि सर्वाधिक वेळही इथेच द्यावा. स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली कॅलिफोर्नियात एक साधी आणि प्रभावी रीत वापरली. त्यांनी काही लोकांना रंग दाखवून कोणत्या वस्तू आठवतात ते विचारले, दुसऱ्या लोकांकडून त्या वस्तू किती आवडतात ते जाणून घेतले, आणि एखाद्या रंगाशी जोडलेल्या वस्तू जितक्या आवडत्या, तितका तो रंग आवडता, असे त्यांना आढळले. हीच रीत सांगलीत लहान प्रमाणावर वापरता येते.

वीस-तीस माणसे पुरेत, पण ती एकाच गल्लीतली किंवा एकाच वयाची नसावीत. मार्केट यार्डातील हमाल, शाळेतील शिक्षिका, मिरजेच्या सितारमेकर गल्लीतील कारागीर, द्राक्षबागायतदार, कॉलेजची मुले, सत्तरी ओलांडलेली आजी असे मिश्रण साधावे. प्रत्येकाला एकट्याला गाठावे. चार जण एकत्र बसले की पहिल्याचे उत्तर बाकीचे उचलतात. चकत्या राखाडी कार्डावर एकेक करून, दिवसाउजेडी पण थेट उन्हात नाही, अशा दाखवाव्यात आणि प्रत्येकासाठी त्यांचा क्रम बदलावा.

प्रश्न तीनच, आणि याच क्रमाने. ‘हे पाहून सगळ्यांत आधी कोणती वस्तू किंवा जागा आठवली?’ मग ‘ती तुम्हाला आवडते की नाही?’ आणि शेवटी ‘हा रंग तुमच्या खोलीच्या भिंतीला चालेल का?’ ‘हा रंग पाहून शांत वाटते का?’ असा प्रश्न कधीही विचारू नये, कारण आपल्याकडे समोरच्याचे मन राखायची रीत आहे आणि उत्तर ‘हो’ असेच येते. वडीलधाऱ्यांना ‘काका, जरा एक मदत हवी होती’ म्हणून बसवावे, परीक्षा घेतल्यासारखे वाटू देऊ नये. उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. कोणी ‘डाळिंबी’ म्हटले असेल तर वहीत ‘गडद लाल’ लिहू नये.

रंग ओळखण्यातील दोष असलेली माणसेही यात भेटतील, विशेषतः पुरुषांत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरवा भेद कमी जाणवण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, भारतात ते त्याहून कमी आढळते. जपानचे नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली तयार केलेले ठिपक्यांचे तक्ते डोळ्यांच्या दवाखान्यात असतात. अशा माणसांची उत्तरे वगळू नयेत, वेगळ्या पानावर ठेवावीत. लाल-हिरव्याच्या विरोधावर उभे केलेले चित्र त्यांना कसे दिसते हे कळणे फार मोलाचे आहे.

माझ्या नोंदींत जे पुन्हा पुन्हा आले त्यातील काही इथे देतो, पडताळून पाहता यावे म्हणून. तीव्र पिवळ्यावर बहुतेक घरांत लग्नाची हळद आणि देवघर आठवते, खंडोबाच्या पालीला जाणाऱ्यांना भंडारा आठवतो, पण हळदीच्या पोत्यांत राबणाऱ्याला धूळ आणि खोकला आठवतो. मळकट पिवळ्यावर कावीळ हा शब्द हमखास निघतो. फिकट हिरव्यावर बागायतदाराला कोवळी फूट दिसते. तीव्र हिरव्यावर बायकांना हिरवा चुडा आठवतो. निळा, भगवा आणि हिरवा या रंगांना झेंड्यांचीही ओळख आहे, त्यामुळे अनोळखी माणूस या चकत्यांपाशी क्वचित सावध होतो. अशा वेळी थांबून पुढची चकती घ्यावी, खोदून विचारू नये.

सर्वांत विचार करायला लावणारी उत्तरे मळकट तपकिरीवर मिळाली. रंगाच्या कंपन्यांच्या पुस्तिकांत या छटेचे वर्णन उबदार, मातीशी नाते सांगणारी असे केलेले असते. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी घरात शिरलेल्या भागातील माणसांच्या तोंडून मात्र ‘गाळ’ आणि ‘पुराचे पाणी’ हे शब्द आले. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली रेघ ज्याने घासून काढली आहे, त्याला हा रंग उबदार कसा वाटेल?

आता हळदीचा तो कागद घ्यावा. आधी फक्त लाल चकती दाखवावी आणि उत्तर लिहून घ्यावे. रक्त, धोका, सिग्नल, मिरची अशी उत्तरे येतात. काही वेळाने तोच लाल पिवळ्याशेजारी ठेवून दाखवावा. आता हळदीकुंकू, देवी, मळवट, ओटी असे शब्द येऊ लागतात. शेजार आणि आठवण या दोन गोष्टी एकत्र कशा काम करतात ते याहून थोडक्यात दाखवणारा प्रयोग मला सापडलेला नाही. मुस्लिम किंवा ख्रिस्ती घरांत याच जोडीला निराळी उत्तरे मिळतात आणि तीही तितक्याच काळजीने नोंदवावीत, कारण आपले चित्र तेही पाहणार आहेत.

सातवी पायरी: वाचलेल्या दाव्यांची पारख

वाचनात येणाऱ्या प्रत्येक दाव्याला दोन प्रश्न लावावेत: तुलनेसाठी दुसरा रंग होता का, आणि पुन्हा केल्यावर तेच आढळले का. १९७९ साली अमेरिकेत अलेक्झांडर शाउस यांनी कैद्यांना एका विशिष्ट गुलाबी खोलीत ठेवले की त्यांचा आक्रमकपणा कमी होतो असे मांडले आणि अनेक तुरुंगांनी भिंती गुलाबी केल्या. २०१५ साली स्वित्झर्लंडमधील तुरुंगात काटेकोर तुलना केली गेली तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. उलट, फ्रान्समधील बोर्दो येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा परिणाम घरीही जाणवतो. एकाच लिंबू सरबताचे तीन पेले भरून दोन पेल्यांत खाण्याच्या रंगाचा एकेक थेंब टाकावा आणि पाहुण्यांना चव लिहायला सांगावी.

आठवी पायरी: खोलीसाठी रंग निवडणे

शाळा, दवाखाना किंवा घर रंगवण्याबाबत चित्रकाराचा सल्ला कोणी मागितला तर शेड कार्डवर बोट ठेवून मोकळे होऊ नये. छोटा तुकडा आणि पूर्ण भिंत यांत मोठा फरक पडतो. चारही भिंतींवरून उजेड एकमेकांवर परावर्तित होत असल्यामुळे रंग कार्डापेक्षा तीव्र वाटतो. दोन-दोन फुटांचे पुठ्ठे निवडलेल्या रंगाने रंगवून ते प्रत्येक भिंतीवर टेकवावेत आणि सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या दिव्यात पाहावेत. बहुतेक वेळा कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट आणि मंद छटा घ्यावी लागते.

उन्हाळ्यात निळ्या खोलीत गारवा वाटतो असे म्हणतात. गच्चीला पांढरा चुना दिला की ऊन परावर्तित होऊन खाली खोलीत खरोखर उष्णता कमी होते; आतल्या भिंतीचा निळा तापमापकावर काहीच बदलत नाही, बदलली तर भावना बदलते. ग्राहकाला या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणे हे आपले काम आहे. झोपण्याच्या खोलीत तर भिंतीपेक्षा दिवा महत्त्वाचा. डोळ्यात दिवस-रात्रीचे भान ठेवणाऱ्या काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि रात्री तसा उजेड मिळाला की झोपेला मदत करणारे मेलाटोनिन कमी होते. तिथे ३००० केल्विनपेक्षा जास्त आकड्याचा दिवा सुचवू नये.

शाळांत आणि कचेऱ्यांत मळ दिसू नये म्हणून कमरेपर्यंत गडद तपकिरी पट्टा मारण्याची पद्धत आहे. सांगलीच्या नदीकाठच्या भागात हा पट्टा सुचवण्याआधी तिथल्या माणसांना चकती दाखवून विचारावे. शेवाळी हिरवा किंवा गडद राखाडी रंगही मळ तितकाच लपवतो.

नववी पायरी: चित्रात उतरवणे

एक दिवस काढून सातारा जिल्ह्यातील औंधला जावे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी या स्वतः चित्रकार असलेल्या संस्थानिकांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे प्रत्यक्ष पाहता येतात. छापील प्रतीत रंग इतके बदललेले असतात की त्यावरून हा अभ्यास करू नये. एकच चित्र निवडून त्यासमोर तासभर थांबावे. वहीत त्याचा चौकोन आखून ढोबळ अंदाजाने लिहावे: किती भाग गडद, किती मळकट, आणि तीव्र रंग कुठे व किती. जुन्या तैलचित्रांत तीव्र रंगाची जागा बहुधा आपल्या आठवणीपेक्षा फारच लहान निघते. बाकीचा मोठा मळकट विस्तार त्या लहान जागेला बोलते करत असतो.

घरी आल्यावर ओळखीचे एकच दृश्य, समजा हरिपूरचा संगम, एकाच रेखाटनावर तीन वेळा रंगवावे. पहिल्या प्रतीत उजेड-अंधाराचे प्रमाण कायम ठेवून फक्त रंग बदलावा, दुसऱ्या प्रतीत रंग कायम ठेवून तीव्रता उतरवावी, तिसऱ्या प्रतीत एकाच तीव्र रंगाची व्याप्ती बदलावी. फोनवर कृष्णधवल छायाचित्र घेऊन पहिल्या प्रतीतील उजेड-अंधार खरोखर सारखा राहिला आहे ना, हे तपासावे. तो बदलला असेल तर परिणाम रंगाचा की उजळपणाचा हे कळणार नाही. मग सहाव्या पायरीत ज्यांना विचारले होते त्यांच्यापैकीच काहींकडे ही चित्रे घेऊन जावे, शीर्षक न सांगता एकेक दाखवावी आणि ‘इथे कोणती वेळ आहे? थोड्या वेळापूर्वी इथे काय घडले असेल?’ असे विचारावे. त्यांची उत्तरे त्यांच्याच चकत्यांच्या पानासमोर लिहावीत. ज्याला तपकिरीत गाळ दिसला होता, त्याला गढूळ संगमात काय दिसते ते तिथे कळेल, आणि चौथी प्रत रंगवायला घेण्याआधी कोणती बाटली उघडायची हेही.